घरची शाळा आणि वेचणीचं गणित



काल रात्री १४ मिलिमीटर पडला. सोयाबीन वीस दिवसांचं झालं, डवरणीची वेळ आहे, पण वावरात पाय ठेवला की चपलेसकट रुततो. वाफसा येईस्तोवर काम नाही, म्हणून लिहायला बसलो. आज खत-फवारणीचं नाही. ज्यांना तेवढंच वाचायचं त्यांनी पुढच्या नोंदीची वाट पाहा, पिवळ्या मोझॅकवर लिहायचं राहिलंच आहे.

विषय असा झाला. गेल्या रविवारी माझा भाचा आला, बायको-पोरासकट. पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी, आता घरून काम चालतं म्हणून गावी येऊन राहिला. पोरगं आठ वर्षांचं. त्याला शाळेतून काढलं म्हणे. घरीच शिकवणार, शेतात शिकवणार, पुस्तकं त्याला हवी तेव्हा. मला म्हणाला, "मामा, तुम्ही लॉकडाऊनमधे दोन्ही नातवंडं घरी शिकवली ना? सांगा कसं करायचं ते."

त्यानं मला मालविका जोशीची गोष्ट सांगितली. मुंबईची पोरगी, आईनं दादरच्या शाळेतून काढली आणि घरी शिकवली. दहावी नाही, बारावी नाही, तरी २०१६ साली अमेरिकेत एमआयटीला गेली. गोष्ट खरी आहे, पेपरात आली होती, माझ्याही लक्षात होती. म्हणून मी म्हटलं, बाबा, पुढचंही वाच. त्या पोरीनं कॉम्प्युटरच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमधे तीनदा पदक आणलं होतं. आपल्याकडच्या आयआयटीत तिला जाता आलं नाही, कारण तिथे बारावी लागते. आणि तिच्या आईनं नोकरी सोडली होती. तू सोडणार का?

भाचा गप्प. त्याची बायको मात्र माझ्याकडे बघून हसली.

आमच्या जिल्ह्यात घरी शिकवण्याचा विषय निघाला की कुणीतरी सिंदखेडराजाचं नाव घेतंच. जिजाऊंनी शिवबाला घरीच घडवलं, म्हणतात. ते खरंच आहे, पण त्या माउलीच्या नावानं आपण आपला आळस झाकू नये. मी झाकला होता. आळस नाही, दुसरं काहीतरी. ते सांगायलाच बसलो आहे.

मार्च २०२० मधे शाळा बंद झाल्या तेव्हा थोरली नात पाचवीत होती, वार्षिक परीक्षा न देताच सहावीत गेली. धाकटा नातू जूनमधे पहिलीत जाणार होता. घरात मोबाइल एक, तो पोराकडे, आणि पोरगा पिकअप घेऊन चिखली-खामगावला. रेंज फक्त टेकडीवरच्या बोरीखाली. सरकारचं "शाळा बंद पण शिक्षण सुरू" चालू होतं, गुरुजी व्हॉट्सअ‍ॅपवर अभ्यास पाठवत, पण तो आमच्या पोरीला रात्री नऊला दिसायचा, बाप घरी आल्यावर. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली लागायचं. ते चांगलं होतं. घरातल्या, परसातल्या वस्तू घेऊन शिकवायचे. फक्त आमच्याकडे लाइट त्याच वेळेला जायची.

तर मी ठरवलं, आपण शिकवू. दहावी पास माणूस आहे मी, १९८२ ची दहावी. गणितात बरा होतो. सूनबाई बारावी शिकलेल्या आहेत. आमच्या घरच्या चौथीपर्यंत.

सुरुवात फार चांगली झाली, तेही सांगतो. त्या जूनमधे विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या किती तक्रारी आल्या, तुम्हाला आठवत असेल. आमचं घरचं बी होतं. मी थोरलीला म्हटलं, चल, उगवण पाहू. गोणपाट ओलं केलं, शंभर दाणे दहा-दहाच्या रांगेत ठेवले, गुंडाळी केली, रोज पाणी शिंपडलं. सहाव्या दिवशी उलगडलं. तिनं मोजलं, ६२. पुन्हा मोजलं, ६२.

मी सांगितलं, शंभरातले ७० उगवत असतील तर एकरी ३० किलो पेरतात. म्हणजे उगवणारं बी पडतं २१ किलो. आता शंभरातले ६२ च उगवतात, तर तेवढंच २१ किलो पडायला किती पेरायचं?

पोरगी अर्धा तास ओसरीवर बसली. खडूनं फरशी भरली. मग आली आणि म्हणाली, "आबा, चौतीस किलो लागते. चार एकराले सोळा किलो जास्तीचं." मी माझ्या पद्धतीनं करून पाहिलं, ३३ किलो ८७० ग्रॅम आलं. चौतीसच. ते सोळा किलो मी विकत घेतले आणि पेरणी दाट केली. त्या साली आमचं वावर विरळ झालं नाही, शेजारच्यांना मोड करावी लागली. त्या दिवशी जेवताना ती मोठ्यांसारखी बसली होती.

पावसाचंही तसंच. सरळ कडांचा डबा अंगणात ठेवला, त्यात पट्टी. आता एक मिलिमीटर म्हणजे एकराला किती पाणी? गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, तो दोरीनं मोजून चार कोपऱ्यांत खुंट्या ठोकल्या. चाळीस गुंठ्यांचा एकर. हिशेब केला तर एक मिलिमीटरला एकरी चार हजार लिटरच्या वर जातं. म्हणजे हजार लिटरच्या चार टाक्या! धाकटा वावराकडे बघतच राहिला. म्हणे, "एवढं पाणी गेलं कोठी?" मी म्हटलं, हा प्रश्न मीही चाळीस वर्षं इचारून राह्यलो.

ऑगस्टपासून कपाशीत कामगंध सापळे. दोन एकरात चार सापळे. गुलाबी बोंडअळीचे पतंग रोज सकाळी मोजायचे, वहीत तक्ता, सरासरी काढायची. सलग तीन दिवस सापळ्यामागे आठ पतंग आले की फवारणीचा विचार करायचा, एवढं मी सांगितलं होतं. सप्टेंबरच्या शेवटी एके दिवशी तिनंच मला धुऱ्यावर अडवलं, "आबा, तीन दिवस झाले. नऊ, अकरा, नऊ." मी आदल्या दिवशीच सापळे पाहिले होते, माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

हे सगळं मी गावात सांगत फिरलो. पारावर, डेअरीवर, फोनवर. आमची घरची शाळा, आमची घरची शाळा.

मग कापूस फुटला.

त्या वर्षी वेचणीला माणूस मिळेना. सात रुपये किलो म्हटलं तरी बाया यायला तयार नव्हत्या. ज्यांच्या घरी कुणी आजारी होतं त्यांना बोलवायची भीती, ज्या यायच्या त्या दुसऱ्याकडे आधी. वर पावसाचं वातावरण. फुटलेली सरकी भिजली तर भाव उतरतो, हे सांगायला नको. मी थोरलीला म्हटलं, चल बाई, ओटी बांध, चार दिवस हात लाव. किती वेचलं ते वहीत लिहू, तेही गणितच.

पहिल्या दिवशी तिला मजा वाटली. चौदा किलो झाला. मी वहीच्या वर मोठ्या अक्षरात "गणित" लिहून खाली १४ लिहिलं. दुसऱ्या दिवशी १६. मग १५. मग १८, तेव्हा मी तिला शाबासकी दिली. चार दिवसांचे आठ झाले, आठाचे पंधरा. संध्याकाळी ती जेवून तशीच झोपायची. बोटांना बोंडाची नखं लागून लाल चिरा. आजी खोबरेल लावायची आणि काही बोलायची नाही. नंतर मला वाटलं, ते न बोलणं मला ऐकू यायला पाहिजे होतं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सूनबाईंनी वही उघडली. एकवीस आकडे. वर माझ्या अक्षरात "गणित". त्या एकवीस दिवसांत मराठीचं एक पान नाही, इंग्रजीचं नाही, सापळ्याचा तक्ता तसाच अर्धवट. त्यांनी वही माझ्या पुढ्यात ठेवली. सासऱ्यापुढे कधी मोठ्यानं बोलल्या नाहीत त्या, तेव्हाही आवाज चढवला नाही.

"मामाजी, हे गणित नोहे. हे मजुरी हाय."

मी म्हटलं, घरचंच तर काम आहे. त्या म्हणाल्या, "घरचं हाय म्हणून पैसे बी नाही भेटले तिले."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. कापूस घरी आला, भाव बरा लागला, आणि मी त्या पोरीची सहावी एकवीस दिवस मागे नेली. फक्त एकवीस दिवस, असं मनाला समजावत होतो. पण वहीचं एक पान उलटवायला सूनबाई नसत्या तर डिसेंबरपर्यंत चाललं असतं, मी मला ओळखतो.

गुरुजींना फोन केला. हे गुरुजी आता बदलून गेले, नाव घालत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांनी मला वर्ध्याची गोष्ट सांगितली. १९३७ साली गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद भरवली. हाताच्या कामातून, चरख्यातून, शेतीतून शिकवायचं, तीच नई तालीम. मला वाटलं, हेच तर मी करून राह्यलो. पण गुरुजी म्हणाले, डॉ. झाकीर हुसेनांच्या समितीनं तेव्हाच सावध केलं होतं की कमाईकडे लक्ष गेलं की शिकणं बाजूला पडेल. पोरानं सूत कातताना सुताचं शास्त्र, हिशेब, भूगोल शिकावा, नुसतं सूत मोजू नये. मग त्यांनी इचारलं, "तुम्ही वेचणीत तिला नवं काय शिकवलं? पहिल्या दिवशी काही शिकली असेल. अकराव्या दिवशी काय शिकली?"

अकराव्या दिवशी काही नाही. फक्त वेचला.

तेव्हापासून मी एक साधी खूण धरली आहे, भाच्यालाही तीच सांगितली. पोराला जे काम देता ते न करता आलं असतं तर तुम्ही मजूर लावला असता का? लावला असता, तर ते काम आहे, त्याला अभ्यास म्हणू नका. काम करू द्या, शेतकऱ्याच्या पोराला काम यायला पाहिजे, तासभर करू द्या. पण अभ्यासाच्या खात्यात मांडू नका. शंभर दाणे मोजायला मी मजूर लावला नसता. सापळे मोजायलाही नाही.

नंतर आम्ही वेळ बांधली. सकाळी सहा ते साडेसात, ओसरीवर. दूध काढणं मी आणि घरच्यांनी घेतलं, कारण सूनबाईंनी दूध काढायचं, चुली पेटवायच्या, आणि वर शिकवायचं, तर त्या शिकवणार कधी? हे पुरुषांच्या ध्यानात येत नाही. भाचा मला सांगत होता, "आम्ही दोघं शिकवणार." मी त्याच्या बायकोला इचारलं, तू सांग. ती म्हणाली, "मामा, यांच्या मीटिंगा सकाळी नऊ ते रात्री आठ. मग दोघं म्हणजे मी." आमच्या घरच्या आतून म्हणाल्या, "अन् जेवतं केव्हा तू?" त्या पोरीच्या डोळ्यात पाणी आलं, तिनं चहाचे कप उचलले आणि आत गेली. भाच्याला मी तेवढंच सांगितलं की आधी हा हिशेब घाल, पुस्तकांचा नंतर.

गणित माझ्याकडे होतं आणि त्यात मी अडकलो, हेही सांगतो. सहावीला अपूर्णांकांचा भागाकार आहे. एक अपूर्णांक उलटा करून गुणायचं, हे मला पाठ. ती म्हणाली, "उलटा काहून करतात आबा?" मला १९८० पासून येत नव्हतं, फक्त कुणी इचारलं नव्हतं. आधी मी चिडलो. "तसंच असते, कर." मग त्याच संध्याकाळी बोरीखाली जाऊन गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, भाकर घ्या. अर्धी भाकर घ्या. त्यातून पाव-पाव भाकरीचे तुकडे किती निघतात? दोन. एक छेद दोन भागिले एक छेद चार, उत्तर दोन. पाव म्हणजे एका भाकरीत चार, म्हणून चारनं गुणतो, आणि भाकर अर्धीच आहे म्हणून दोन. मी भाकर हातात धरून टेकडीवर उभा होतो. छप्पन होतं तेव्हा वय, आता साठी झाली.

दुसऱ्या दिवशी एक वेगळी वही केली, प्रश्नवही. घरात कुणालाच येत नाही ते तिथे लिहायचं, शनिवारी फोन करायचा. पहिल्या महिन्यात सोळा प्रश्न झाले, त्यातले नऊ माझ्यामुळे. ज्यांना घरी शिकवायचं आहे त्यांनी ही वही जरूर करा. "मला येत नाही" हे पोरासमोर म्हणता येत नसेल तर त्याला शाळेत पाठवलेलं बरं.

धाकट्याची कथा निराळी. त्याला आजी घेऊन बसायची. आजीजवळ पुस्तक एकच, गजानन विजय. आजी ओवी म्हणायची, बोट फिरवायची, तो मागून म्हणायचा. तीन महिन्यांत पोरगा पान-पान वाचायला लागला. पाहुणे आले की वाचून दाखवायचा. मी खूश. एक दिवस सहज पानाच्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं, हा कोणता? तो गडबडला. वरून ओळ म्हणत म्हणत खाली आला, तेव्हा कुठे त्या शब्दापर्यंत पोचला. वाचत नव्हता तो. पाठ होतं.

पोथीचा दोष नाही, कान तयार झाला त्याचा. पण अक्षर नव्हतं. मग पोथी संध्याकाळी ठेवली आणि दिवसा जे दिसेल ते. खताच्या पोत्यावरचं नत्र, स्फुरद, पालाश. दुकानाच्या पाट्या. शेळ्यांच्या दाव्याला पुठ्ठ्यावर नावं लिहून बांधली, शेळ्यांनी पुठ्ठे खाल्ले, पुन्हा लिहिली. चार-पाच वेळा लिहून झाल्यावर नावं पक्की झाली. आईबापांनो, पोरगं घडाघडा वाचतं वाटलं की मधल्या शब्दावर बोट ठेवून बघा. फार घरांत हे सापडेल.

पाठ्यपुस्तकांचा बाऊ करू नका. बालभारतीची सगळी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, शेजारच्याची जुनी मागितली तरी चालतात. महाग वस्तू आणायची गरज नाही. आम्ही घेतलं ते फक्त पाटी, खडू आणि एक भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा. पैनगंगा आपल्या बुलढाण्याजवळ उगम पावते आणि कुठे कुठे जाते, ते धाकट्यानं बोटानं शोधलं.

जे घरी देता आलं नाही ते मात्र खरंच नाही आलं. १ डिसेंबर २०२१ ला पहिली ते चौथीची शाळा उघडली. धाकटा पहिलीचा वर्ग न पाहता थेट दुसरीत बसला. वाचता येत होतं, बेरीज येत होती. पण रांगेत थांबता येत नव्हतं. दुसऱ्या पोरानं उत्तर दिलं की रडायचा. खडू मिळाला की द्यायचा नाही. पावणेदोन वर्षं मोठ्या माणसांत एकटा राजा होता तो. मधे गुरुजींनी मारुतीच्या पारावर आठ-आठ पोरं बसवायला सुरुवात केली होती, आम्ही भीतीपोटी त्याला पाठवलं नाही. ती चूक वाटते आता. भाच्याला सांगितलं, तुझं पोरगं गणितात पुढे जाईल, शंका नाही. पण त्याला रोज भांडायला चार पोरं लागतील. कबड्डी, मंदिरात भजन, काहीही. ते नसेल तर घरची शाळा करू नको.

आणि थोरली. तिची शाळा जानेवारी २०२१ मधे थोडी उघडली, लगेच बंद झाली, मग नीट उघडली ४ ऑक्टोबरला. ती सातवीत. सकाळी म्हणाली, "मी नाही जात. आबा शिकवतात तेच बरं हाय."

मला काय वाटलं सांगू? छाती फुगली. दहावी पास म्हातारा, नात म्हणते आबाच बरे. मी तोंड उघडलं, म्हणणार होतो, राहू दे मग. सूनबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या मागे वावर दिसत होतं. पऱ्हाटी पांढरी होऊ लागली होती.

त्या म्हणाल्या काहीच नाही. मी तसाच उठलो, गाडीला किक मारली आणि तिला मागे बसवून शाळेत सोडून आलो. वाटेत ती रडत होती. तिला वर्गाची लाज वाटत होती, सगळे आपल्या पुढे गेले असतील म्हणून. गेले नव्हते, सगळ्यांचं तेच होतं.

त्याच आठवड्यात कळलं, आमच्या आळीतली एक पोरगी, आमच्या थोरलीपेक्षा दोनच वर्षांनी मोठी, शाळेत आली नाही. येणार नव्हती. उन्हाळ्यात पाच माणसांत लग्न उरकलं होतं. तिच्याही घरी सगळे म्हणत होते, पोरगी घरीच शिकून राह्यली. मला तिच्या बापाला नावं ठेवता आली नाहीत. पाच माणसांत मी नव्हतो, पण माहीत असून मी बोललोही नव्हतो.

म्हणून मुलीला घरी शिकवतो असं कुणी म्हणालं की मी दोनदा इचारतो.

आता कागदाचं, कारण भाच्यानं तेच सगळ्यात शेवटी इचारलं, ते आधी इचारायला हवं होतं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, सहा ते चौदा वयाच्या पोरांसाठी. घरी शिकवणाऱ्या आईबापांबद्दल त्यात नीट स्पष्ट काही लिहिलेलं नाही, त्यामुळे तुमच्याकडे कागद चोख पाहिजे. शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा दाखला, आधार, सगळ्यांवर नाव एकसारखं. आमच्या थोरलीच्या आधारवर एक वेलांटी ऱ्हस्वची दीर्घ झाली होती, त्यासाठी तीन चकरा झाल्या. पोराला परत शाळेत घालायचं ठरलं तर त्याच कायद्यानं वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो, पहिलीपासून बसावं लागत नाही. शाळेत न जाता परीक्षा द्यायची तर राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, त्यात पाचवी आणि आठवीचीही परीक्षा होते. एनआयओएस आहे, त्याच्या दहावीला वय चौदा पूर्ण लागतं. आणि आपला जुना १७ नंबरचा फॉर्म, बाहेरून दहावी-बारावी. माझ्या बरोबरीचे कितीतरी जण १७ नंबरनं पास झाले, त्यातले दोघे आज माझ्यापेक्षा चांगल्या स्थितीत आहेत. तारखा आणि अटी दरवर्षी बघून घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका. माझ्याही.

बारावीपर्यंत एखादा तरी बोर्डाचा कागद हातात ठेवा. पदकं सगळ्यांना मिळत नाहीत.

भाचा हे सगळं मोबाइलमधे लिहून घेत होता. तेवढ्यात थोरली आतून आली. यंदा मे महिन्यात दहावी झाली ती, आता अकरावीचं चालू आहे. सगळ्या राज्याला ऑनलाइन अर्ज केल्यानं आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. हातात ती जुनी वही. मला वाटलं होतं रद्दीत गेली असेल. तिनं जपून ठेवली होती.

भाच्यापुढे पान उघडलं. वर माझ्या अक्षरात "गणित", खाली एकवीस आकडे. त्याखाली तिनं नंतर कधीतरी, आठवीत असेल, निळ्या शाईनं बेरीज केलेली. एकूण ३३६ किलो. सरासरी १६. दर ७ रुपये. आबांकडे बाकी २३५२.

भाचा हसायला लागला. माझ्याकडे बघून थांबला.

मी आत गेलो, कपाटातून पैसे आणले आणि सगळ्यांसमोर तिच्या हातात मोजून दिले. दोन हजार तीनशे बावन्न. सुटे दोन रुपये आजीनं दिले. पोरीनं घेतले, मोजले, वहीत "जमा" लिहून तारीख टाकली.

मग म्हणाली, "आबा, व्याज?"

ते सुगीला देतो म्हटलं आहे. दर अजून ठरला नाही, ती बँकेचा धरते, मी सोसायटीचा.

भाच्याचं पोरगं परवापासून आमच्याकडेच आहे. सकाळी धाकट्याबरोबर पाऊस मोजायला डब्याजवळ बसतं, दोघं पट्टीवरून भांडतात. काल रात्रीचे १४ मिलिमीटर त्यांनीच वाचलेले आहेत, मी पडताळून पाहिले. उद्या ऊन पडलं तर परवा डवरणी. पिवळ्या मोझॅकचं त्यानंतर लिहितो.